फायनान्ससाठी मास्टर्स की प्रोफेशनल परीक्षा? निवड कोणत्या क्रमाने करावी

“एमबीए करू की सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली प्रोफेशनल परीक्षा)?” या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण नेमकी कोणती नोकरी हवी आहे याचा त्यात पत्ताच नसतो. तरी बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात. मग फी किती, वर्षं किती, निकाल किती टक्के लागतो, अवघड कोणतं, अशी तुलना चालू होते. दोन-तीन वर्षांनी सर्टिफिकेट हातात येतं, पण मुलाखतीचं बोलावणं येत नाही. तेव्हा कुठे कळतं की त्या पदासाठी वेगळंच काही लागत होतं.

कोणतीही पदवी किंवा परीक्षा तुम्हाला तीनपैकी एखादी गोष्ट मिळवून देते. पहिली म्हणजे कायदेशीर अधिकार, उदाहरणार्थ ऑडिट रिपोर्टवर सही करण्याचा. दुसरी म्हणजे भरतीच्या रांगेत जागा, कारण काही कंपन्या ठरावीक कॉलेजांतूनच माणसं घेतात. तिसरी म्हणजे विषय येतो याचा पुरावा. फसगत होते ती यातली एक हवी असताना दुसरीसाठी पैसे भरल्यामुळे. खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिले दोन गाळून थेट फी आणि फायद्याच्या हिशेबाला बसलात, तर तो हिशेब कितीही नीट केला तरी उपयोगाचा नाही.

तयारी: बसण्याआधी काय हाताशी ठेवायचं

सगळ्या मार्कशीट, एक कोरी स्प्रेडशीट, सध्याचा हातात पडणारा पगार, बचत आणि कर्जाचे आकडे. शिवाय एक प्रामाणिक नोंद: येत्या वर्षभरात आठवड्याला खरोखर किती तास मोकळे मिळतील. या सगळ्या कामाला चार ते सहा आठवडे द्या. प्रवेशाची शेवटची तारीख दहा दिवसांवर आली असेल, तर ती जाऊ द्यावी असंच मी सांगेन. घाईत घेतलेला प्रवेश परत करणं फार महाग पडतं.

टप्पा १: रोजचं काम निवडा

“मला फायनान्समध्ये जायचंय” एवढ्यावर काही ठरत नाही. ऑडिटमधला माणूस दिवसभर व्हाउचर, करार आणि बँक स्टेटमेंट यांची सांगड घालतो आणि प्रत्येक निष्कर्षाचे कागद फाइलला लावतो. कंपनीच्या फायनान्स विभागात महिनाअखेरीचं क्लोजिंग, बजेट, फोरकास्ट, आणि खर्च का वाढला याची उत्तरं देणं चालतं. इक्विटी रिसर्चमध्ये (शेअरच्या अभ्यासात) वार्षिक अहवाल वाचायचे, एक्सेल मॉडेल अद्ययावत ठेवायचं, निकाल लागले की काही तासांत नोट लिहायची. इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या पहिल्या दोन वर्षांत प्रेझेंटेशन, व्हॅल्युएशन आणि रात्री उशिरापर्यंतच्या दुरुस्त्या असतात. रिस्कमध्ये (जोखीम मोजण्याच्या कामात) मॉडेल, लिमिट आणि नियामकाचे रिपोर्ट. वेल्थमध्ये (लोकांची गुंतवणूक सांभाळण्यात) अर्ध्याहून अधिक काम माणसांशी बोलण्याचं असतं.

ही कामं एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की एकात रमणारा माणूस दुसऱ्यात वर्षभरही टिकणार नाही.

दोन किंवा तीन कामं निवडा. ते काम तीन ते आठ वर्षं करत असलेल्या निदान तिघांशी बोला. “कोणता कोर्स चांगला?” असं विचारू नका. बहुतेक जण स्वतः केलेल्या कोर्सचं नाव सांगतात. असं विचारा: “तुमच्या टीममध्ये सगळ्यात शेवटी जो रुजू झाला, त्याच्याकडे रुजू होण्याच्या दिवशी काय काय होतं?” या एका प्रश्नाने निम्मं काम होतं.

तपासणी: निवडलेल्या कामातला माणूस सकाळी दहा ते संध्याकाळी सहा काय करतो, हे तुम्हाला सात-आठ वाक्यांत लिहिता आलं पाहिजे. लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका, आणखी दोघांशी बोला.

टप्पा २: जाहिरातींचा तक्ता तयार करा

निवडलेल्या कामाच्या तीसेक जाहिराती गोळा करा, आणि तुम्ही आज ज्या पातळीवर अर्ज करू शकाल त्याच पातळीच्या. व्यवस्थापक पदाच्या जाहिराती वाचून फ्रेशरचा कोर्स ठरवणं ही फार नेहमीची चूक आहे. तक्त्यात चार रकाने ठेवा: सक्तीची पात्रता, प्राधान्याची पात्रता, अनुभव, आणि हाताला यायला हवीत ती कौशल्यं.

क्रेडिट अ‍ॅनालिस्टच्या (कर्ज फिटेल का हे तपासणाऱ्याच्या) जाहिरातीत साधारण असा मजकूर असतो: “फायनान्समध्ये मास्टर्स किंवा समकक्ष प्रोफेशनल पात्रता. दोन वर्षांचा अनुभव. कंपन्यांचे ताळेबंद आणि कॅश फ्लो वाचून क्रेडिट नोट लिहिता येणं आवश्यक. सीएफए किंवा एफआरएम असल्यास प्राधान्य.” घाईत वाचणाऱ्याला यात सीएफए आणि एफआरएम (रिस्कची प्रोफेशनल परीक्षा) दिसतं. शब्द धरून वाचा. “किंवा” म्हणजे मास्टर्स आणि प्रोफेशनल पात्रता इथे एकमेकांच्या जागी चालतात, दोन्ही करायची गरज नाही. “प्राधान्य” म्हणजे ते नसलं तरी अर्ज करता येतो. दोन वर्षांचा अनुभव कोणत्याही कोर्सने भरून निघत नाही. आणि “क्रेडिट नोट लिहिता येणं” ही अट महिनाभरात, एक पैसाही खर्च न करता पूर्ण होऊ शकते: एखाद्या लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या, ती कर्ज फेडू शकेल का यावर तीन पानांची नोट लिहा आणि या क्षेत्रातल्या कोणाकडून तपासून घ्या. चारातली एक अट अशी सुटते, आणि तिच्याकडे सहसा कोणाचंच लक्ष जात नाही.

तक्ता भरला की ते काम करणाऱ्या लोकांचे सार्वजनिक प्रोफाइल बघा. पात्रतेच्या नावापेक्षा तारीख महत्त्वाची आहे. एखाद्याच्या नावापुढे सीएफए असेल, तर चार्टर (सीएफएचं अंतिम प्रमाणपत्र) कोणत्या साली मिळाला आणि तो त्या कामावर कोणत्या साली रुजू झाला, हे ताडून बघा. बऱ्याचदा चार्टर नोकरी लागल्यावर काही वर्षांनी आलेला असतो. तसं असेल तर तो प्रवेशाचा रस्ता नव्हता, बढतीचा होता.

इशारा: वरिष्ठांकडे एमबीए आहे म्हणून सुरुवातीच्या पदाला एमबीए लागतं असं नाही. त्यांनी ते आधी केलं की मध्येच दोन वर्षं थांबून, हे पाहिल्याशिवाय त्यांची नक्कल करू नका.

टप्पा ३: कायद्याची अट आहे का ते पाहा

हा टप्पा छोटा आहे, पण निर्णय पुष्कळदा इथेच होतो. ज्या कामात कायद्याने परवाना लागतो, तिथे मास्टर्स की प्रोफेशनल हा प्रश्नच उरत नाही. कंपन्यांचं वैधानिक ऑडिट करून सही करायची असेल, तर त्या देशातला परवाना हवा. भारतात तो १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूटचा सीए असतो, अमेरिकेत राज्याच्या बोर्डाने दिलेलं सीपीए लायसन्स असतं. कितीही नामांकित कॉलेजचं एमबीए त्याची जागा घेऊ शकत नाही. विमा आणि पेन्शनमधल्या अ‍ॅक्च्युअरीचंही (जोखमीचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाचंही) तसंच आहे.

परवाना देशाला बांधलेला असतो, हे इथे विसरलं जातं. एसीसीए ही ब्रिटनमधली अकाउंटंटांची संस्था आहे आणि तिच्या पात्रतेला अनेक देशांत मान आहे. म्हणून एसीसीए झालेला माणूस कुठल्याही देशात ऑडिटवर सही करू शकतो असं मात्र नाही. सहीचा अधिकार स्थानिक कायदा ठरवतो. आज शिकताय तिथेच काम करणार नसाल, तर ज्या देशात जायचंय तिथल्या संस्थेच्या अटी वाचूनच नोंदणी करा.

सीपीएचं उदाहरण बघण्यासारखं आहे. जानेवारी २०२४ पासून परीक्षेत तीन सक्तीचे विभाग आणि तीनपैकी निवडायचा एक विभाग, असे चार विभाग आहेत. प्रत्येकात पास व्हायला ७५ गुण लागतात. पण चारही विभाग सुटले तरी लायसन्स आपोआप मिळत नाही. शिक्षणाचे क्रेडिट (पदवीच्या अभ्यासाची मोजणी) आणि अनुभव यांच्या अटी राज्यागणिक वेगळ्या आहेत. बराच काळ १५० क्रेडिट तासांची अट सर्वत्र धरली जायची, अलीकडे काही राज्यांनी पर्यायी मार्ग खुले केले आहेत. परीक्षा देऊन झाल्यावर “माझ्या डिग्रीचे क्रेडिट कमी पडतात” हे कळणं फार क्लेशाचं असतं, आणि आधी नियम वाचला तर ते टळतं.

सीएफए चार्टर हा परवाना नाही. त्याने लोकांचे पैसे गुंतवण्याचा किंवा ऑडिटचा कायदेशीर अधिकार मिळत नाही, तो स्थानिक नियामकाकडून वेगळा घ्यावा लागतो. काही ठिकाणी नियामकाच्या परीक्षेत सवलत मिळते. अमेरिकेत सीएफएच्या पहिल्या दोन लेव्हल पास असतील, तर रिसर्च अ‍ॅनालिस्टच्या सीरिज ८६ परीक्षेतून सूट मिळते. पण सूट म्हणजे परवाना नव्हे.

तपासणी: निवडलेल्या कामात सही कोणाची लागते? ती सही पुढे तुम्हाला करायची असेल तर परवान्याचा रस्ता धरा आणि टप्पा ६ वर जा. करायची नसेल तर पुढचं वाचा.

टप्पा ४: कंपन्या माणसं कुठून घेतात ते शोधा

मास्टर्सचा खरा उपयोग इथे कळतो. मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका, कन्सल्टिंग फर्म आणि कंपन्यांचे लीडरशिप प्रोग्रॅम आपली बरीचशी नवी माणसं ठरावीक कॉलेजांत जाऊन, समर इंटर्नशिपमधून निवडतात. त्या रांगेत उभं राहायला त्या कॉलेजचा विद्यार्थी असावं लागतं. सीएफएच्या तिन्ही लेव्हल सुटल्या तरी त्या रांगेत जागा मिळत नाही. म्हणून तुमच्या तक्त्यातल्या कंपन्या कॅम्पसवरूनच भरती करत असतील, तर मास्टर्सवर खर्च करणं योग्य आहे. मात्र ज्या कॉलेजात त्या कंपन्या खरोखर येतात, त्याच कॉलेजात.

*एमबीए की एमएस्सी फायनान्स?* साधारणपणे एमएस्सी फायनान्स नुकतेच ग्रॅज्युएट झालेल्यांसाठी असतं आणि त्यात विषय खोलात जातात. एमबीएमध्ये आधीचा तीन ते पाच वर्षांचा अनुभव गृहीत धरलेला असतो आणि ते क्षेत्र किंवा पातळी बदलण्यासाठी असतं. काही ठिकाणी फ्रेशरनाही एमबीएला प्रवेश मिळतो, मग भरतीही फ्रेशरच्याच पदावर होते, हे गृहीत धरा. उलट चूकही होते: सहा वर्षं नोकरी केलेला माणूस एमएस्सीला जातो आणि प्लेसमेंटच्या वेळी बाविशीतल्या मुलांच्या रांगेत उभा राहतो. क्वांटच्या (गणिती मॉडेलवर चालणाऱ्या) कामाला यातलं कोणतंच पुरत नाही. तिथे प्रॉबेबिलिटी, लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोग्रॅमिंग पक्कं असलेलं फायनान्शियल इंजिनिअरिंग किंवा गणिताचं मास्टर्स बघतात.

*प्लेसमेंट रिपोर्ट कसा वाचायचा?* या कामाला वेळ द्या, कारण लाखमोलाचा निर्णय चार पानांच्या रंगीत पीडीएफवर होतो. सरासरी पगार बाजूला ठेवा, मीडियन (मधोमध येणारा पगार) शोधा. दोन-चार मोठ्या ऑफर आल्या की सरासरी फुगते. मग किती विद्यार्थ्यांच्या ऑफर धरून हा आकडा काढलाय ते बघा. ज्यांना नोकरी मिळाली नाही किंवा ज्यांनी माहिती दिली नाही ते हिशेबातून गायब असतात. पगारात जॉइनिंग बोनस आणि व्हेरिएबल मिसळलं आहे का? फायनान्समध्ये गेलेले किती, आणि त्यातले किती जण आधीपासूनच फायनान्समध्ये होते? दुसऱ्या क्षेत्रातून येणाऱ्यासाठी हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो रिपोर्टमध्ये क्वचित असतो. त्यासाठी गेल्या दोन बॅचच्या चार-पाच जणांना थेट मेसेज करा. “तुमच्या बॅचमधून माझ्यासारख्या पार्श्वभूमीचे किती जण या कामात गेले?” एवढंच विचारा. लोक उत्तर देतात.

एएसीएसबी, इक्विस किंवा एएमबीए यांची (बिझनेस स्कूलना मिळणारी) मान्यता असणं चांगलं. तिचा उपयोग संशयास्पद कॉलेज गाळण्यापुरता करा, त्यावरून नोकरीचा अंदाज बांधू नका.

*देश बदलायचा असेल तर* मास्टर्सचं पारडं जड होतं. परदेशातल्या पदवीबरोबर विद्यार्थी व्हिसा आणि बऱ्याच देशांत नंतर काही काळ काम करण्याची मुभा येते. प्रोफेशनल परीक्षा पास झाल्याने व्हिसा मिळत नाही. इथेही बारीक अक्षरं वाचा. अमेरिकेत पदवीनंतर साधारण १२ महिने काम करता येतं, आणि कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वर्गात मोडत असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. म्हणजे एकाच शहरातल्या, सारख्याच नावाच्या दोन कोर्समध्ये दोन वर्षांचा फरक पडू शकतो. अर्ज करण्याआधी कोर्सचं वर्गीकरण कॉलेजला लेखी विचारा, आणि नियम सरकारी संकेतस्थळावरच तपासा. एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

इशारा: तुमच्या तक्त्यातली एकही कंपनी त्या कॉलेजात येत नसेल, तर “निदान पदवी तरी होईल” म्हणून कर्ज काढू नका. माझं याबाबतचं मत ठाम आहे. त्यापेक्षा लहान पदावरची नोकरी आणि सोबत एखादी परीक्षा बरी.

टप्पा ५: प्रोफेशनल परीक्षा कशासाठी, ते नेमकं ठरवा

परवान्याची अट नाही आणि कॅम्पसवरूनच भरती होते असंही नाही, अशा कामांत विषयाचा पुरावा चालतो. रिसर्च, पोर्टफोलिओ, क्रेडिट, रिस्क, कंपनीचा फायनान्स विभाग ही अशी कामं. इथे नोकरी सांभाळून परीक्षा देता येते, हा तिचा मोठा फायदा.

सीएफए गुंतवणुकीच्या कामासाठी आहे. तीन लेव्हल आहेत. लेव्हल १ ला १८० बहुपर्यायी प्रश्न, सव्वादोन तासांच्या दोन सत्रांत. म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. लेव्हल २ चा बाज वेगळा आहे: एखाद्या कंपनीची माहिती, आकड्यांचे तक्ते, व्यवस्थापनाचं म्हणणं असा मोठा उतारा आणि त्यावर चार प्रश्न, असे २२ संच. लेव्हल १ च्या पद्धतीने सूत्रं घोकून गेलेले इथे अडकतात, कारण कोणता आकडा वापरायचा हे शोधण्यातच वेळ जातो. लेव्हल ३ ला लेखी उत्तरंही असतात आणि २०२५ पासून पोर्टफोलिओ मॅनेजमेंट, प्रायव्हेट वेल्थ आणि प्रायव्हेट मार्केट्स यांतून एक शाखा निवडावी लागते. तिन्ही लेव्हल झाल्यावरही चार्टरसाठी ४,००० तासांचा संबंधित अनुभव हवा, आणि तो किमान ३६ महिन्यांत मिळवलेला असावा लागतो. एका लेव्हलला जास्तीत जास्त सहा अ‍ॅटेम्प्ट मिळतात.

रिझ्युमेवर नावापुढे “सीएफए लेव्हल २” असं बिरुद लावू नका. अर्धवट बिरुद संस्थेच्या नियमात बसत नाही, आणि मुलाखत घेणारा चार्टरधारक असेल तर त्याला ते पहिल्या नजरेत खटकतं. “सीएफए प्रोग्रॅमची लेव्हल २ परीक्षा उत्तीर्ण” असं साधं लिहा.

एफआरएम रिस्कसाठी. दोन भाग, पहिल्यात १०० आणि दुसऱ्यात ८० प्रश्न, प्रत्येकी चार तास. पहिला भाग सुटल्यापासून चार वर्षांत दुसरा सोडवावा लागतो, आणि सर्टिफिकेटसाठी दोन वर्षांचा अनुभव लागतो. सीएफए आणि एफआरएम दोन्ही करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. डेरिव्हेटिव्ह, बाँड आणि संख्याशास्त्राचा बराचसा भाग दोन्हीकडे आहे, त्यामुळे दुसरं लवकर होतं हे खरं. पण दोन्ही सक्तीने मागणाऱ्या जाहिराती तुमच्या तक्त्यात किती आहेत ते मोजा. शून्य असतील तर ती दोन वर्षं कामात घाला.

एसीसीए अकाउंटिंग आणि कंपनी फायनान्ससाठी. सध्याच्या रचनेत १३ पेपर, ३६ महिन्यांचा अनुभव आणि एथिक्सचं मॉड्यूल. आधीच्या पदवीनुसार नऊपर्यंत पेपरना सूट मिळू शकते, शेवटच्या टप्प्यातल्या पेपरना मिळत नाही. मिळते म्हणून सगळी सूट घेऊन टाकणं ही इथली मोठी चूक. कन्सॉलिडेशन (समूहातल्या कंपन्यांचे हिशेब एकत्र करणं) विसरला असाल आणि फायनान्शियल रिपोर्टिंगच्या पेपरची सूट घेतलीत, तर शेवटच्या टप्प्यातला रिपोर्टिंगचा पेपर डोंगरासारखा वाटतो. सूट घेण्याआधी त्या पेपरची एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. पन्नास टक्के मिळत नसतील, तर सूट घेतली तरी तो विषय आधी पक्का करा.

टप्पा ६: पैसा आणि वेळ एकाच मापात मोजा

फी आणि पुढचा पगार यांची थेट तुलना करू नका. सगळं “आजच्या पगाराचे महिने” या मापात आणा.

समजा, दोन वर्षांच्या फुल-टाइम एमबीएची फी तुमच्या १८ महिन्यांच्या पगाराएवढी आहे. दोन वर्षं नोकरी सोडल्याने आणखी २४ महिन्यांचा पगार बुडतो. खरा खर्च ४२ महिने. आता फायदा. कोर्सनंतर पगार आजच्या १.९ पट होईल असा अंदाज आहे. पण नोकरी चालू ठेवली असती तरी दोन वर्षांत तो १.३ पट झालाच असता. म्हणजे कोर्समुळे मिळालेली वाढ फक्त ०.६. ४२ ला ०.६ ने भागलं की ७० महिने येतात. जवळजवळ सहा वर्षं, आणि कर्जावरचं व्याज यात धरलेलंच नाही. नोकरी सांभाळून दिलेल्या परीक्षांचा खर्च चार महिन्यांच्या पगाराएवढा आणि त्यामुळे मिळणारी वाढ ०.२ धरली, तर २० महिने.

हे आकडे तुमचे नाहीत, तुमचे घाला. सहा वर्षांत पैसे वसूल होणं वाईटच असं मुळीच नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षं काम करायचं असेल आणि ते दार दुसऱ्या कशाने उघडत नसेल, तर जरूर करा. फक्त “सोडून दिलेला पगार” आणि “आपोआप झालीच असती ती वाढ” हे दोन आकडे वगळू नका. हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा तिथेच.

परीक्षेच्या बाजूने वेळ मोजा. सीएफएच्या एका लेव्हलला साधारण ३०० तास लागतात असं धरतात. नोकरी करणाऱ्याला कामाच्या दिवशी एक तास आणि सुटीच्या दोन दिवशी तीन-तीन तास मिळाले, तर आठवड्याचे ११. म्हणजे २७ आठवडे. आजारपण, घरची कामं आणि तिमाही क्लोजिंगचे चार आठवडे त्यात मिळवा. सात महिने झाले. चार महिने आधी नोंदणी करून “होईल मॅनेज” म्हणणारे शेवटच्या महिन्यात रजा टाकतात आणि तरी मॉक टेस्ट राहून जातात. लेव्हल १ ला निम्म्याहून अधिक उमेदवार नापास होतात, त्यामुळे वेळापत्रकात एक वाया गेलेला अ‍ॅटेम्प्ट गृहीत धरूनच चाला.

तपासणी: एक अ‍ॅटेम्प्ट वाया गेला किंवा नोकरी सहा महिने उशिरा लागली, तरी कर्जाचे हप्ते भरता येतील का? नसेल तर पर्याय बदला.

टप्पा ७: दोन्ही करायचं असेल तर आधी काय

फ्रेशरसाठी माझी पसंती अशी: पदवीच्या शेवटच्या काळात एका परीक्षेचा पहिला टप्पा, मग नोकरी, आणि तीन-चार वर्षांनी खरंच गरज वाटली तर मास्टर्स. सीएफए लेव्हल १ साठी पदवी पूर्ण असावी लागत नाही, ग्रॅज्युएशनला २३ महिने किंवा त्याहून कमी उरले असले तरी बसता येतं. हा विषय आपल्याला झेपतो का आणि आवडतो का, हे दोन वर्षांच्या फीऐवजी एका परीक्षेच्या फीत कळतं.

जीमॅट किंवा जीआरई या मास्टर्सच्या प्रवेश परीक्षांचा स्कोअर पाच वर्षं चालतो. अभ्यासाची सवय असताना, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी किंवा लगेच नंतर तो काढून ठेवावा. नोकरीत मुरल्यावर गणिताच्या सरावाला पुन्हा बसणं जड जातं.

परवान्याचा रस्ता धरलेल्यांनी मास्टर्स मध्ये घुसवू नये. परवाना पूर्ण होऊ द्या, दोन वर्षं काम करा, मग बघा. बऱ्याच जणांना त्यानंतर मास्टर्सची गरजच वाटत नाही.

मास्टर्स चालू असताना परीक्षा द्यायची असेल तर प्लेसमेंटचे महिने सोडून द्या. काही विद्यापीठांचा मास्टर्सचा अभ्यासक्रम सीएफएच्या अभ्यासक्रमाशी बऱ्यापैकी जुळवलेला असतो. तिथे कोर्स संपता संपता परीक्षा देणं सोयीचं जातं. तसं नसेल तर दोन्हीकडचं अर्धवट राहतं आणि इंटर्नशिपची ऑफर हातची जाते. त्या ऑफरचं मोल परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त आहे.

टप्पा ८: फी भरण्याआधीची चाचणी

दोन आठवडे काढा. एका कंपनीचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल घेऊन स्वतः मॉडेल बांधा, किंवा ऑडिटकडे जाणार असाल तर एका अहवालातल्या अकाउंटिंग पॉलिसी आणि नोट्स ओळ न ओळ वाचा. निवडलेल्या परीक्षेचे नमुना प्रश्न सोडवा. चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळा सगळ्यांनाच येतो. दहाव्या दिवशीही बसवत नसेल, तर टप्पा १ ला परत जा. अजून काहीही खर्च झालेलं नाही.

थांबायचं कधी, तेही आत्ताच लिहून ठेवा: “एका लेव्हलला दोन अ‍ॅटेम्प्ट, त्यापुढे नाही” किंवा “अमुक तारखेपर्यंत या तीन कॉलेजांपैकी एकात प्रवेश मिळाला नाही तर नोकरीच”. नापास झाल्याच्या संध्याकाळी हा नियम ठरवता येत नाही.

मग फी भरा. भरताना परतावा आणि परीक्षा पुढे ढकलण्याचे नियम, सूट मागायची शेवटची तारीख, आणि अनुभवाची नोंद कोणाच्या सहीने चालते, हे वाचून त्याचे स्क्रीनशॉट ठेवा. नोंदणीतलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळतंय ना, तेही पाहा. वडिलांचं नाव एका जागी आहे आणि दुसऱ्या जागी नाही, एवढ्यावरूनही परीक्षा केंद्राच्या दारात अडवलं जाऊ शकतं.